पडद्यावरचे डॉक्टर आणि घरातला औषधांचा डबा



जाहिरात ही पूर्वी चारचौघांत होणारी गोष्ट होती. एसटी स्थानकाच्या भिंतीवर, रेल्वेरुळालगतच्या कुंपणावर, पंचांगाच्या मलपृष्ठावर मूळव्याध, दमा, संधिवात यांवरील ‘रामबाण’ उपायांची ठळक अक्षरे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. ती सर्वांसाठी सारखीच असत. आपल्याला दिसत तशीच ती आपल्या मुलाला, शेजाऱ्याला आणि जिल्ह्याच्या औषध निरीक्षकालाही दिसत. एखादी फारच अतिशयोक्त वाटली, तर येणारे-जाणारे तिच्यावर हसत आणि पुढे जात. मोबाइलवरील जाहिरात मात्र एकट्या माणसाला गाठते. दुपारी जेवणानंतर आडवे पडून, चष्मा लावून, आवाज थोडा मोठा करून आपण जे पाहतो, ते त्या वेळी घरातील दुसऱ्या कोणालाही दिसत नसते. त्यावर हसणारे कोणी नसते आणि शंका घेणारेही कोणी नसते.

ती नेमकी आपल्यालाच का दिसते, हे समजून घेणे अवघड नाही. आपण कधी ‘गुडघेदुखी’ असा शब्द शोधलेला असतो. मधुमेहावरचा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला असतो. खाते उघडताना जन्मतारीख दिलेली असते. या खुणांवरून यंत्रणा अंदाज बांधते आणि जाहिरातदाराला हवा तो ग्राहक मिळवून देते. जाहिरातीच्या कोपऱ्यात ‘प्रायोजित’ असा बारीक अक्षरांतला शब्द असतो आणि शेजारी तीन टिंबे असतात. त्या टिंबांवर बोट ठेवले, की ही जाहिरात आपल्याला का दाखवली गेली, हे पाहण्याची, ती बंद करण्याची व तिची तक्रार करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. काळजी घेणाऱ्या मुलामुलींनी हे एकदा शेजारी बसून, घाई न करता, आई-वडिलांना दाखवावे. आपल्या हाताने नव्हे, त्यांच्या बोटाने करून घ्यावे.

आता कायद्याकडे वळू. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आपल्याकडे १९५४ सालापासून आहे. त्यातील जाहिरातीची व्याख्या मला फार आवडते. सूचनापत्रक, लेबल, वेष्टन यांच्याबरोबरच तोंडी केलेली, तसेच प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही त्यात येते. टेलिव्हिजन घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी लिहिलेले ते शब्द आजच्या मोबाइलच्या पडद्यालाही लागू पडावेत इतके व्यापक आहेत. या कायद्याच्या अनुसूचीत ५४ रोग आणि अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, हृदयरोग, कमी-जास्त रक्तदाब, मोतीबिंदू, काचबिंदू, बहिरेपणा, अर्धांगवायू, संधिवात, प्रोस्टेट ग्रंथीचे विकार, मूतखडा, गँगरीन, लठ्ठपणा असे साठीनंतर घरोघरी ऐकू येणारे बहुतेक आजार त्यात आहेत. या रोगांचे निदान, उपचार वा प्रतिबंध अमुक औषधाने होतो, असे जनतेला सांगणारी जाहिरात करण्यास मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. औषध वाईट असेल तरच जाहिरात करू नये, असे हा कायदा म्हणत नाही. हे रोग असे आहेत, की माणसाला तपासल्याशिवाय, त्याच्या मूत्रपिंडाची, हृदयाची, आधीच्या औषधांची चौकशी केल्याशिवाय त्यांवर औषध देणेच धोक्याचे आहे. म्हणून ते लोकांना थेट विकायला काढू नये, असा त्यामागचा विचार आहे. शिवाय तो ॲलोपॅथी, आयुर्वेद असा भेद करत नाही. ‘आमचे औषध वनस्पतींचे आहे, त्यामुळे हा नियम आम्हाला नाही’ असा युक्तिवाद पार्सलवाले करतात, तो चुकीचा आहे. ज्या वैद्यांकडे मी स्वतः रुग्ण पाठवतो, ते नाडी पाहिल्यावाचून पुडी देत नाहीत आणि पुडी टपालाने विकतही नाहीत. माझा आक्षेप आयुर्वेदाला नाही, आयुर्वेदाचे नाव लावून बसलेल्या कॉल सेंटरला आहे.

दुसरा नियम आम्हा डॉक्टरांवरचा आहे आणि तो वाचकांना फारच उपयोगी पडण्यासारखा आहे. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी २००२ सालची व्यावसायिक आचारसंहिता आहे. तीनुसार डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी स्वतःची जाहिरात करायची नाही. एवढेच नव्हे, तर कोणत्याही औषधाच्या वा उपकरणाच्या जाहिरातीसाठी आपले नाव, सही वा छायाचित्र द्यायचे नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी होतो व आता परतलो, एवढ्यापुरते वर्तमानपत्रात निवेदन देता येते. दारावरची पाटीसुद्धा अवाजवी मोठी असू नये, असे त्यात म्हटले आहे. (आमच्या तालुक्यातील काही पाट्या पाहिल्या, की हे कलम कोणी वाचलेच नसावे असे वाटते, पण तो वेगळा विषय.) आयुर्वेदादी पद्धतींच्या चिकित्सकांसाठी त्यांची स्वतंत्र आचारसंहिता आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा. पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून जो पडद्यावरून मधुमेहाची भुकटी वा गुडघ्याचे तेल विकतो आहे, तो एकतर डॉक्टर नाही, किंवा डॉक्टर असून आपल्या व्यवसायाचे नियम मोडतो आहे, किंवा त्याच्या नकळत त्याचा चेहरा चोरला गेला आहे. या तिन्ही शक्यतांत त्याच्याकडून औषध घेण्याचे कारण उरत नाही. तिसरी शक्यता अलीकडे फार वाढली आहे. नामवंत हृदयरोगतज्ज्ञांचे जुने व्हिडिओ घेऊन, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्यांच्या तोंडी भलतीच वाक्ये घातली जातात. आवाज त्यांचाच वाटतो, ओठही बरोबर हलतात. कुठे डोळ्यांची उघडझाप चुकते का, ओठ आणि शब्द जुळतात का, हे तपासण्याच्या युक्त्या तरुण मंडळी सांगतात. माझ्या मते ज्येष्ठांनी त्या भानगडीत पडू नये. नक्कल दिवसेंदिवस सुधारत जाणार. चेहरा खरा की खोटा हे ठरवण्यापेक्षा, तो काही विकतो आहे का, एवढेच पाहावे.

मग डॉक्टरांचे सगळेच व्हिडिओ वर्ज्य समजावेत का? मुळीच नाही. इन्सुलिनची सुई कशी टोचावी, पक्षाघाताची पहिली लक्षणे कोणती, पडल्यानंतर रुग्णाला कसे उठवावे, हे मराठीत उत्तम रीतीने समजावून सांगणारे डॉक्टर आहेत. माहिती सांगणारा आपल्याला शेवटी आपल्याच डॉक्टरांकडे पाठवतो. विकणारा शेवटी फोन क्रमांक देतो, किंमत सांगतो आणि ‘आजच्या दिवसापुरती सवलत’ म्हणून घाई करतो. खऱ्या औषधाला आजची मुदत नसते.

जे डॉक्टर नाहीत, पण ज्यांचे लाखो अनुयायी आहेत, त्यांनाही नियम आहेत. पैसे, भेटवस्तू किंवा अन्य लाभ घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस केली असेल, तर ते स्पष्ट, ठळक आणि सहज लक्षात येईल असे सांगणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये आरोग्यविषयक बोलणाऱ्यांसाठी आणखी सूचना दिल्या. त्यांत, स्वतःला तज्ज्ञ म्हणून सादर करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी आपला मजकूर हा वैद्यकीय सल्ल्याचा पर्याय नव्हे, असे उघड सांगावे, असे म्हटले आहे. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणखी एक चांगली अट आहे. दावा ज्या भाषेत केला, खुलासाही त्याच भाषेत हवा. ‘साखर मुळापासून नाहीशी’ हे मोठ्या मराठी अक्षरांत आणि ‘परिणाम व्यक्तीनुसार भिन्न असू शकतात’ हे मुंगीएवढ्या इंग्रजीत, हा खेळ नियमाला धरून नाही. दिशाभूल सिद्ध झाल्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.

इतके सगळे असूनही पार्सल घरी येतेच. कारण नियम मोडणाऱ्याचा पत्ता लागेपर्यंत त्याने नाव बदललेले असते. म्हणून घरातही काही शिस्त हवी. ती का हवी, हे एका उदाहरणावरून सांगतो.

गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सुनेसोबत दवाखान्यात आले. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले, मधुमेह जुना, पण औषधे नियमित घेणारे. पाच आठवड्यांपूर्वी मोबाइलवर एक जाहिरात पाहून त्यांनी नंबर नोंदवला. लगेच फोन आला, चौथ्या दिवशी डबा आला. फोनवरच्या ‘आरोग्य सल्लागार’ बाईंनी सांगितले, की दोन औषधे एकत्र घेतल्यास गुण येत नाही, तेव्हा गोळ्या थांबवा. यांनी थांबवल्या. त्या दिवशी आमच्या यंत्रावर साखरेचा आकडा उमटलाच नाही, नुसतेच ‘हाय’ आले. तळव्याला चपलेच्या खिळ्याने झालेली जखम होती, ती त्यांना दुखतही नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. पाय वाचला, अंगठा गेला.

सून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, बाबांनी आम्हाला काही कळूच दिलं नाही. पार्सल कसलं विचारलं तर म्हणाले, चष्म्याचं घर मागवलंय.” त्या गृहस्थांनी खाली पाहत सांगितले, “दर महिन्याला औषधांना दोन-अडीच हजार जातात. पोराच्या खिशाला किती दिवस भार द्यायचा? आणि ती बाई रोज फोन करून विचारायची, काका, जेवलात का? आज बरं वाटतंय का?”

हे शेवटचे वाक्य काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने दोनदा वाचावे. जाहिरातीला भुलणारा माणूस भोळा असतो, असे समजण्याची पद्धत आहे. माझा अनुभव निराळा आहे. त्याला बहुधा खर्चाचा संकोच असतो, रोजच्या गोळ्यांचा कंटाळा असतो, आणि आपले दुखणे पुन्हा पुन्हा सांगून घरच्यांना त्रास देऊ नये असे वाटत असते. त्या तिन्ही गोष्टी पार्सलवाल्यांना नीट ठाऊक आहेत. अशा माणसाला ‘तुम्हाला एवढेही कळत नाही का’ असे म्हटले, तर पुढचे पार्सल शेजाऱ्याच्या पत्त्यावर येते. त्याऐवजी औषधांच्या खर्चाविषयी मोकळेपणाने बोलावे. जेनेरिक औषधे चालतील का, एखादी गोळी कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. विचारल्याचा राग येणारा डॉक्टर असेल, तर दुसरा पाहावा.

त्या डब्यांत असते तरी काय? कधी काहीच नसते, आणि ते त्यातल्या त्यात बरे. परंतु संधिवातावरच्या अशा भुकट्यांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मिसळलेली वारंवार आढळली आहेत. मधुमेहाच्या ‘शुद्ध वनस्पती’ चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन सापडले आहे. म्हणूनच गुण येतो. आजी तिसऱ्या दिवशी जिना चढू लागतात आणि गल्लीत डब्याची ख्याती पसरते. दोन-तीन महिन्यांनी चेहरा गोल होतो, पायांना सूज येते, साखर व रक्तदाब वाढतो, कातडी इतकी पातळ होते की नुसता हात लागला तरी काळेनिळे डाग पडतात. घरचे म्हणतात, ‘आजींची तब्येत सुधारली.’

असे औषध घरात सुरू असल्याचे आढळले, तर एक धोका विशेष सांगायला हवा. रागाच्या भरात डबा कचऱ्यात फेकू नका. स्टेरॉइड तीन आठवड्यांहून अधिक काळ पोटात जात असेल, तर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. ते एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उतरणे, उलट्या, कमालीचा अशक्तपणा, भोवळ अशी अवस्था ओढवू शकते. डबा, त्याचे वेष्टन आणि बिल घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. किती दिवस, किती चमचे, हे खरे सांगा. वरील लक्षणे आधीच दिसत असतील, तर थेट रुग्णालयात न्या. मधुमेहाच्या चूर्णाबाबत उलटाही प्रकार होतो. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. साखर मोजा. ती कमी असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साखरेचे पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.

वेष्टनावरचा क्रमांकही वाचायला शिका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे बोधचिन्ह आणि चौदा अंकी क्रमांक असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती वस्तू अन्न आहे, औषध नव्हे. आरोग्यपूरक पदार्थांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापावी लागते. विक्रेता फोनवर मधुमेह बरा करण्याची हमी देतो आणि त्याच्याच डब्यावर हे वाक्य असते. मी ते अनेकांना भिंगातून वाचायला लावले आहे.

तपासण्यांच्या जाहिरातींविषयी थोडेसे. ‘फक्त एवढ्या रुपयांत ऐंशी चाचण्या’ ही सवलत फसवणूक नसते, पण गरजही नसते. बहुतेक चाचण्यांची ‘सामान्य मर्यादा’ अशी ठरवतात, की सुमारे ९५ टक्के निरोगी माणसे तिच्या आत येतात. म्हणजे उरलेली पाच टक्के निरोगीच असून बाहेर पडतात. ऐंशी चाचण्या केल्या, की दोन-चार आकड्यांपुढे तारा येणारच. मग त्या ताऱ्यांच्या मागे धावण्यात महिना जातो.

तक्रार करणे फार सोपे झाले आहे, तरी लोक करत नाहीत, हे मला खटकते. प्रथम त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या. आधी ब्लॉक केली तर पुरावा जातो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जाहिरात क्षेत्रानेच १९८५ मध्ये स्थापन केलेली, मुंबईत कार्यालय असलेली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था ग्राहकांच्या तक्रारी विनामूल्य घेते. डब्यात भेसळ असल्याची शंका असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्यावे. पैसे ऑनलाइन गेले असतील, ओटीपी सांगितला गेला असेल, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तेथे तासांचे नव्हे, मिनिटांचे महत्त्व असते. पडद्यावरच्या डॉक्टरांविषयी शंका असल्यास त्यांचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळावा. व्हॉट्सॲपवरून सल्ला देणे बेकायदेशीर नाही. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला मान्यता दिली आहे. पण चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा, आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटल्यास तसे सांगणे हेही डॉक्टरांचे कर्तव्य आहे. रात्री अकरा वाजता आलेल्या छातीत दुखण्याच्या संदेशाला मी ‘ताबडतोब रुग्णालयात जा’ याखेरीज काहीही लिहीत नाही.

आता आपण स्वतः जे पाठवतो त्याविषयी. एखाद्या संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे, असे समजावे. पाठवणारे काका विश्वासू असले, तरी लिहिणारा कोण हे त्यांनाही ठाऊक नसते. अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या आईचे छायाचित्र कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी, शुद्धीवर असत्या तर त्यांना ते चालले असते का, याचा विचार करावा. तपासणीचा अहवाल चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकला, की चाळीस उपचार येतात आणि त्यांतला एखादा ‘आमच्या ओळखीतले एक औषध आहे, पार्सलने मागवता येते’ असाही असतो. अहवाल एकालाच पाठवायचा असेल, तर तो डॉक्टरांना पाठवावा, आणि नाव, वय व सध्या सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी, पार्सलमधून आलेल्यांसह, त्याच संदेशात लिहावी.